लढाई महिनाभर, कैद साडेचार वर्षं : देवली, १९६२

ओसरी

माझ्या आजोबांनी मरेपर्यंत एका चिनी माणसाला शिव्या घातल्या. माओला नव्हे, चाऊ एन-लायलाही नव्हे. ग्रँट रोडच्या एका दाताच्या डॉक्टरला. १९६२च्या दसऱ्याच्या सुमारास आजोबांनी त्याच्याकडे कवळीचं माप दिलं आणि दहा रुपये आगाऊ दिले. "दिवाळी झाली की न्यायला या," तो म्हणाला. दिवाळी झाली, आजोबा गेले, तर दुकानाला कुलूप. मग कित्येक महिने आमटीत भाकरी कुस्करून खावी लागली, आणि "चिन्याने दहा रुपये बुडवले" हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं रुजलं. उसने पैसे द्यायला कोणी उशीर केला की आई आजही म्हणते, "काय रे, चिनी डेंटिस्ट झालास का?"

गेल्या महिन्यात देवलीबद्दल, म्हणजे ६२मध्ये भारतातल्या चिनी वंशाच्या लोकांना जिथे डांबलं त्या छावणीबद्दल, वाचत बसले होते. तेव्हा लक्षात आलं की कुलूप का होतं, हे आमच्या घरात कोणीच कधी विचारलं नाही.

६२ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री. संरक्षण निधीत बायकांनी काढून दिलेल्या बांगड्या. सेला, बोमडिला, आणि पुरेसे गरम कपडे नसताना लढलेले जवान. सगळं खरं आहे, त्यातलं काही कमी करायचं नाही. पण त्या आठवणीत एक आगगाडी नाही. हा धागा त्या गाडीचा.

आसामात तिनसुकियाजवळ माकुम नावाचं जंक्शन आहे. १८३०च्या दशकात तिकडे चहाची लागवड सुरू झाली. चहाची पानं वळायची कशी, भाजायची कशी, हे इथे कोणाला येत नव्हतं, म्हणून चिनी कारागीर आणले. त्यांच्या मागून सुतार आले, जोडे करणारे आले, खानावळवाले आले. लग्नं तिथल्याच बायकांशी झाली. कोणी आसामी, कोणी नेपाळी, कोणी खासी, कोणी मळ्यावर मजुरीला आलेल्या घरची. दोन-तीन पिढ्यांनंतरची पोरं आसामी बोलत होती आणि बिहूला नाचत होती.

२० ऑक्टोबरला लढाई सुरू झाली, २६ला आणीबाणी आली. पाठोपाठ परकीय नागरिकांच्या कायद्यात वटहुकमाने बदल झाला. आता तो कायदा कोणाला लागू? भारतावर आक्रमण करणाऱ्या देशाचा नागरिक जो स्वतः कधीही होता, किंवा ज्याचे आई-बाप, किंवा ज्याचा आजा-आजी यांपैकी कोणीही कधीही होतं, त्याला. पुन्हा एकदा वाचा. तुम्ही काय केलंत असा प्रश्न त्यात कुठेही नाही. तुमचा आजा कोण, एवढाच प्रश्न आहे.

१९ नोव्हेंबरला माकुमच्या चिनी वस्तीत पोलीस आले. तुमच्याच सुरक्षिततेसाठी नेतोय, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगितलं. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. चूल तशीच, कोंबड्या तशाच. आधी सगळ्यांना गुरांच्या गोठ्यात गोळा केलं, मग दिब्रुगडच्या तुरुंगात नेलं, मग गाडीत बसवलं. ज्या घरात बाप चिनी आणि आई आसामी होती, तिथे त्या आईला निवड करायची होती. नवऱ्या-मुलांबरोबर शत्रू म्हणून जा, नाहीतर मागे राहा. काहींनी तान्ह्या पोराला घेऊन तुरुंग पत्करला. काही घरं त्या एका दुपारी दुभंगली ती कायमची.

आता तारखा बघा, कारण माझं म्हणणं तारखांबद्दलच आहे. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतरावांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. माकुमची गाडी सात दिवसांचा प्रवास करून राजस्थानात पोचली तेव्हा लढाई संपलेली होती! आणि छावणीतली शेवटची माणसं सुटली १९६७ साली.

गाडीच्या डब्यांवर बाहेरून 'शत्रूची गाडी' अशी इंग्रजीत अक्षरं रंगवलेली होती. आत पाळण्यातली मुलं होती. वाटेतल्या स्टेशनांवर लोक जमायचे, दगड आणि चपला भिरकवायचे. मग खिडक्या लावून घ्यायच्या. अन्न अर्धकच्चं मिळायचं. सुटलेल्यांपैकी ज्यांनी ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्यात गाडीचं वर्णन इतकं सारखं येतं की वाचणाऱ्याला डबा पाठ होतो.

देवलीत जवळजवळ ३,००० माणसं ठेवली होती. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग, कालिंपाँग, कलकत्ता. ज्यांनी जन्मभर पाऊस आणि धुकं पाहिलं त्यांना राजस्थानचा उन्हाळा. काही म्हातारी माणसं तिथेच गेली. काही बाळं तिथेच जन्मली. कोणावर आरोपपत्र नाही, खटला नाही, शिक्षा नाही, त्यामुळे सुटकेची तारीखही नाही. शिक्षा झालेला निदान भिंतीवर रेघा तरी मारू शकतो.

१९६३मध्ये तेव्हाचे गृहमंत्री लालबहादूर शास्त्री छावणीत आले. चीनला जायचं की इथे राहायचं, असं विचारलं गेलं. चीनने पाठवलेली जहाजं त्याच वर्षी मद्रासहून तीन खेपांत दोन हजारांहून जास्त लोकांना घेऊन गेली. त्यांतल्या कितीतरी जणांनी चीन नकाशातच पाहिला होता. तिकडे पोचल्यावर, सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत, हे लोक 'भारतातून आलेले' म्हणून संशयित ठरले. आणि जे इथे राहतो म्हणाले ते छावणीतच राहिले.

एवढंच. कोणाला अजून माहिती असेल तर लिहा.

---

तिखटमीठ

बाप रे. काहीच माहीत नव्हतं. एक बावळट प्रश्न : देवली म्हणजे आपलं नाशिकचं देवळाली का? आमच्या एका नातेवाइकांकडून "देवळालीला परदेशी कैदी असायचे" असं ऐकलं होतं. की वर्ध्याजवळचं देवळी?

ओसरी

@तिखटमीठ, बावळट मुळीच नाही. मीही आधी नकाशावर नाशिकच शोधलं :) ही देवली राजस्थानात, टोंक जिल्ह्यात. तुमचे नातेवाईकही बरोबरच सांगत होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन कैद्यांना आधी अहमदनगरच्या किल्ल्यात आणि मग देवळालीला ठेवून पुढे देहरादूनला हलवलं होतं. राजस्थानच्या देवलीलाही जुना इतिहास आहे. १९४०-४१ साली इंग्रजांनी डांगे, जयप्रकाश वगैरे मंडळींना तिथेच डांबलं होतं. त्यांनी तिथे उपोषणही केलं. मग मलाया-सिंगापुरातून आणलेली जपानी कुटुंबं, बायकामुलांसकट. स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांनी आपण त्याच बराकींची दारं पुन्हा उघडली. आता तिथे औद्योगिक सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे.

जुना_जवान

लेख चांगला लिहिला आहे, पण एकतर्फी वाटला. माझे थोरले काका नेफात (आजच्या अरुणाचलात) होते. परत आले ते हिमदंशाने दोन बोटं गमावून. त्या आठवड्यात आसामात काय चाललं होतं ते आज एसीत बसून कळायचं नाही. १९-२० नोव्हेंबरला तेजपूर रिकामं झालं. बँकेने नोटा जाळल्या, कैदी सोडून दिले, जिल्हाधिकारी पळाला. पंडितजींनी रेडिओवरून आसामच्या लोकांबद्दल हळहळ व्यक्त केली, ती लोकांना निरोपासारखी वाटली. अशा वेळी सरहद्दीजवळ चिनी वस्ती आहे, तिच्यात कोण कोणाला माहिती पुरवतोय हे एकेक करून तपासत बसायला सरकारकडे वेळ होता का? युद्धात संशय पुरेसा असतो. काही निरपराध भरडले गेले असतील, वाईट झालं. पण शेजारी शत्रूचं सैन्य असताना दुसरा कोणता देश वेगळा वागला, ते सांगा.

ओसरी

@जुना_जवान काका, तुमच्या काकांना नमस्कार. तेजपूरचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत, मी ते मूळ लेखात घ्यायला हवं होतं. भीती खरी होती. ती मी नाकारत नाही.

पण तुमचाच मुद्दा पुढे नेते. घबराट नोव्हेंबरची. समजा, त्या आठवड्यात तपासायला वेळ नव्हता. डिसेंबरमध्ये होता की नाही? ६३मध्ये? ६४मध्ये? एका सहा वर्षांच्या मुलीने कोणाला माहिती पुरवली नाही हे ठरवायला चार उन्हाळे कशाला लागले? तेजपूरचा जिल्हाधिकारी पळाला त्याच दिवशी माकुममध्ये मात्र यंत्रणा चोख चालत होती, याद्या तयार होत्या, गोठाही ठरलेला होता. हे मला जास्त खटकतं.

आणि दुसरा कोणता देश म्हणालात तर, बरेच तसेच वागले. अमेरिकेने १९४२ साली सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाचे लोक छावण्यांत टाकले. त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. फरक एवढाच की १९८८ साली त्यांनी कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले.

जुना_जवान

६३ आणि ६४चं उत्तर माझ्याकडे नाही. तेवढं मान्य. नोव्हेंबरबद्दल मात्र माझं मत तेच.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता कोणीतरी काश्मिरी पंडित काढणार, कोणीतरी तिबेट काढणार, कोणीतरी आणीबाणी काढणार (७५ची). मग धागा शंभरी गाठणार.

शंकासुर

तेवढ्यात मीच काढतो. तिबेटमध्ये चीनने काय केलं ते कोण लिहिणार?

ओसरी

तुम्ही लिहा. आनंदाने वाचेन. पण माकुमच्या सुताराने तिबेट घेतला नव्हता.

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. 'परत पाठवायला हवं होतं सगळ्यांना' या छापाचं लिखाण इथे चालणार नाही. विषयावर राहा.

फाटका_कोट

(वकील आहे, पण फौजदारीचा नाही, तेव्हा चूक असेल तर दुरुस्त करा.)

ओसरीताईंनी आज्याच्या कलमाबद्दल लिहिलं ते बरोबर आहे. पण खरी गंमत (शब्दाबद्दल माफ करा) दुसऱ्याच कायद्यात आहे. १९५५चा नागरिकत्व कायदा काढा, कलम ३. २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारतात जो जन्मला तो जन्माने भारतीय नागरिक. ही सरसकट सोय १९८७पर्यंत होती. अपवाद दोन. एक, बाप परदेशी वकिलातीतला असेल तर. दोन, बाप शत्रुदेशाचा असेल आणि मूल शत्रूने व्यापलेल्या जागी जन्मलं असेल तर. 'आणि' आहे, 'किंवा' नाही.

आता हिशेब करा. नोव्हेंबर १९६२मध्ये माकुम, शिलाँग किंवा दार्जिलिंगला जन्मलेलं बारा वर्षांच्या आतलं प्रत्येक पोर कायद्याने भारतीय होतं, बापाच्या कागदांवर काहीही लिहिलेलं असो. छावणीत जन्मलेली बाळंसुद्धा! देवली काही चिनी फौजेच्या ताब्यात नव्हती. म्हणजे भारत सरकारने भारतीय बाळांना परकीय म्हणून काटेरी तारेच्या आत ठेवलं होतं.

बरं, परकीयच धरू. चौथा जिनिव्हा करार, १९४९. भारत त्यात १९५०पासून आहे. त्याचं कलम ४३ म्हणतं की स्थानबद्ध माणसाचं प्रकरण वर्षातून निदान दोनदा पुन्हा तपासा. १३२ म्हणतं की लढाई चालू असतानाच मुलं, गरोदर बायका, लेकुरवाळ्या यांना सोडण्याचे करार करायचा प्रयत्न करा. १३३ म्हणतं की लढाई संपली की स्थानबद्धता लवकरात लवकर संपवा.

म्हणजे पोर परकीय असेल तर त्याला जिनिव्हाचं छत्र, आणि भारतीय असेल तर राज्यघटनेचं. या पोरांना कुठलंच मिळालं नाही. राष्ट्रपतींच्या ३ नोव्हेंबर १९६२च्या आदेशाने कलम २१ आणि २२साठी कोर्टात जायची वाट बंद झाली होती. काही दिवसांत त्यात कलम १४ची भर पडली.

हा आदेश सर्वोच्च न्यायालयात गेला, माखनसिंग खटला, सप्टेंबर १९६३. बहुमताचा निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. निकाल सरकारच्या बाजूचा होता, पण त्यांनी एक फट ठेवली. अटक बदहेतूने केली असेल किंवा खुद्द त्या कायद्याच्याच बाहेर जाऊन केली असेल, तर कोर्ट दार उघडेल. न्या. सुब्बा राव यांचं मत वेगळं पडलं.

त्या फटीतून कोण आत शिरलं ते सांगतो, कारण तेही मराठीच आहे. प्रभाकर संझगिरी, भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या तुरुंगात. तिथे बसून त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर पाठवू देईना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ साली संझगिरी जिंकले. कायद्याचे विद्यार्थी आजही हा खटला शिकतात. मीही शिकलो, परीक्षेत लिहिला, गुण मिळवले. त्याच वेळी देवलीत त्याच आणीबाणीचे शेकडो कैदी होते हे ना मास्तरांनी सांगितलं, ना मला सुचलं. संझगिरींना पक्ष होता, वकील होता, भाषा होती. चार वर्षांच्या पोराच्या नावाने वकीलपत्र कोण भरणार?

तिखटमीठ

'आणि आहे, किंवा नाही.' हे वाचून उठून पाणी प्यायले.

वळिवडेकर

वाचतोय सकाळपासून. थोडं अवांतर वाटेल, पण नाही.

आमचं गाव कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४३ ते ४८ तिथे पोलंडच्या लोकांची छावणी होती, साधारण पाच हजार माणसं, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. ही गोष्ट आता कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. महावीर उद्यानात स्मारक आहे, पोलंडचे पाहुणे येतात, पेपरात फोटो येतात. आमची आजी सांगायची, त्या बायका बाजारात यायच्या आणि मोडकं मराठी बोलून भाव पाडायच्या. आपण आसरा दिला याचा गावाला अभिमान आहे, मलाही आहे.

पण त्या बायका आल्या कुठून, याबद्दल कोणी फार बोलत नाही. १९३९मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत फौजांनी घेतला. १९४०च्या फेब्रुवारीपासून लोकांना मालगाड्यांत भरून सैबेरियात नेलं. एप्रिलची जी लाट होती ती मुख्यतः बायकामुलांचीच, कझाकस्तानात. गुन्हा काय? नवरा किंवा बाप पोलिश अधिकारी होता आणि आधीच पकडला गेला होता. बस. १९४१च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर जुलैमध्ये करार झाला, 'माफी' जाहीर झाली आणि हे लोक इराणमार्गे बाहेर पडले. (माफी कोणी कोणाला करायची असते, हाही एक प्रश्नच.)

सांगायचं एवढंच की गाडी तीच आहे. मध्यरात्रीची थाप, एक बोचकं, मालडबा, तान्ही पोरं. आम्ही त्या गाडीच्या शेवटच्या स्टेशनावरचे चांगले लोक होतो. दुसऱ्या गाडीच्या मधल्या स्टेशनांवर चपला घेऊन उभे होते तेही आपल्यासारखेच असणार. ओसरीताई, तुमचा धागा वाचेपर्यंत हे दोन डबे मी एकमेकांना जोडले नव्हते.

मांडवीकाठ

गोव्याकडून एक भर. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झालं, त्याचा राग पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांवर काढला. व्यापारी कुटुंबं, बहुतेक गुजराती. छावण्यांत टाकलं, दुकानं-मालमत्ता गोठवल्या आणि नंतर देशाबाहेर काढलं. आपल्याकडे तेव्हा याबद्दल संताप होता आणि तो रास्तच होता. त्यांनी गोव्यावर सैन्य पाठवलं नव्हतं, ते कापड विकत होते. देवली त्यानंतर वर्षभरात झाली.

पिठलं_भात

मालमत्तेवरून आठवलं. माकुमच्या लोकांची घरं-दुकानं नंतर लिलावात गेली असं वाचलंय. जे १९६६-६७मध्ये सुटून परतले त्यांच्या घरात दुसरेच लोक राहत होते. शत्रू मालमत्ता कायदा १९६८चा, तो आजही चालू आहे. सरकारने काही वर्षांपूर्वी आकडे दिले होते : पाकिस्तानात गेलेल्यांच्या ९,२८० मालमत्ता आणि चीनला गेलेल्यांच्या १२६. त्या १२६मधल्या सर्वांत जास्त मेघालयात. म्हणजे शिलाँगची ती जोड्यांची दुकानं वगैरे. आणि या सगळ्याचं कार्यालय कित्येक वर्षं आपल्या मुंबईत, बॅलार्ड इस्टेटमध्ये. मी त्या रस्त्याने सात वर्षं ऑफिसला गेले. पाटी रोज वाचायचे, 'शत्रू' म्हणजे कोणीतरी नवाब असणार असं वाटायचं.

टोरांटोची_थंडी

इथे स्कारबरोत 'हाक्का' म्हणून जी हॉटेलं आहेत, तिथे आपलं चायनीज मिळतं. ते आपलंच, मांचुरियन आणि चिली चिकन, चीनमधल्या माणसाला ओळखू येणार नाही असलं. चालवणारे बहुतेक कलकत्त्याचे, काही शिलाँगचे. माझ्या घराजवळच्या हॉटेलात गल्ल्यावर एक आजी बसतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मी इंग्रजीत ऑर्डर दिली, त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "तीखा कितना?" तेव्हापासून आमची दोस्ती.

एकदा सहज विचारलं, भारतात परत जावंसं वाटतं का? म्हणाल्या, "जाती हूँ ना. शिलाँग में सहेली है." मग थोडं थांबून, "देवली सुना है? राजस्थान में. मैं पाँचवीं में थी. फिर पाँचवीं में ही रही." मी तेव्हा काहीच ऐकलं नव्हतं. मला वाटलं नातेवाईक असतील तिकडे. "अच्छा, राजस्थान भी घूमी हैं आप," असं म्हणून मी पैसे दिले आणि निघाले. हे आठवून आज कान गरम झालेत.

इथे कॅनडात त्यांची संघटना आहे, छावणीतून सुटलेल्यांची. त्यांनी भारताच्या उच्चायुक्तालयासमोर उभं राहून माफीची मागणी केली होती. मागणी मोठी नाही. पैसे नकोत, चूक झाली एवढं म्हणा. अजून कोणी म्हटलेलं नाही. कॅनडाने स्वतःच्या जपानी नागरिकांची माफी १९८८मध्येच मागितली, हे त्यांना रोज दिसतं. आणि त्या वयातले लोक आता किती उरलेत? मुलं होती तेच आता सत्तरीच्या आत-बाहेर आहेत.

जुना_जवान

"फिर पाँचवीं में ही रही."

ठीक आहे. यावर काही बोलत नाही.

शंकासुर

एरवी टवाळी करतो, पण एक खरी शंका. देवलीत न नेलेल्या चिनी लोकांचं काय झालं? मुंबईतले, कलकत्त्यातले? सगळेच तर नेले नाहीत.

फाटका_कोट

@शंकासुर, त्यांना गाव सोडायला परवानगी लागायची, पोलीस चौकीत हजेरी असायची. १९६३च्या जानेवारीत सरहद्दीजवळच्या भागांत त्यांना राहायलाच बंदी आली. मुंबई-कलकत्त्यातल्या बँक ऑफ चायनाच्या शाखा बंद केल्या, म्हणजे ठेवीही अडकल्या. नोकऱ्या गेल्या. ज्यांना जमलं ते हाँगकाँग, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला निघून गेले. नागरिकत्व मिळायला सुरुवात झाली नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. माझगावात सी यिप मंदिर आहे, १९१९चं, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. एका घराण्याने ते सांभाळलंय. एकेकाळी तिथे वस्ती होती, खलाशी, सुतार, रेशमी कापड विकणारे. आता चिनी नववर्षाला दिवे लागतात, तेव्हा फोटो काढायला येणारे जास्त असतात.

पानगळ

सगळे प्रतिसाद वाचले. ओसरी, एक विचारू? तुझे आजोबा, कवळी, कुलूप हे सगळं आलं, पण त्या डेंटिस्टचं घर? तो एकटाच होता का? आई तुझी तेव्हा केवढी होती? तिला विचारलंस का काही?

ओसरी

@पानगळ, काल विचारलं. लिहू की नको असं रात्रभर चाललं होतं. आईला हा धागा वाचून दाखवला, ती म्हणाली, लिही, पण माझं नाव नको.

आई तेव्हा अकरा वर्षांची. डेंटिस्टला मुलगी होती, आईपेक्षा वर्षाने मोठी असेल. दुकानाच्या मागच्याच खोलीत राहायचे. आजोबांबरोबर आई मापाला गेली होती तेव्हा त्या मुलीने तिला पांढऱ्या प्लास्टरचा एक सुटा दात खेळायला दिला होता. पुढे दोघी कधीमधी रस्त्यात भेटायच्या. मुलगी मराठी बोलायची, गिरगावातलीच बोलतात तशी.

दिवाळी झाल्यावर, आईला नक्की दिवस आठवत नाही पण फराळ संपत आला होता, ती मुलगी आमच्या चाळीत आली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. खाली अंगणात पोरांचं लढाई-लढाई चाललं होतं, तेव्हा सगळ्या चाळींमध्ये तेच चालायचं. पोरांनी जिना अडवला. कोणीतरी "चिनी आली, चिनी आली" ओरडलं. ती म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं आहे." कोणी हलेना. आई तिसऱ्या पायरीवर उभी होती. तिने पुडकं ओळखलं होतं. तीही हलली नाही.

मुलगी थोडा वेळ थांबली आणि परत गेली. आजोबा त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दुकानावर गेले, तर कुलूप.

आई म्हणाली, "दहा रुपये बुडवले म्हणायचे ना तात्या, तेव्हा मी तिथेच बसलेली असायची."

तो प्लास्टरचा दात तिच्याकडे अजून आहे. शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये.